बेबीताईंचे पंधरा पेशंट

बेबीताई तायडेंनी मला एकदाच फसवलं आहे, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, पहिलीत. वरवट बकालच्या शाळेत त्या लशीचा निळा डबा खांद्याला लावून आल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "काही नाई होत रे शेखर, मुंगी चावल्यासारखं लागते." मी विश्वास ठेवला. त्यानंतर जे लागलं त्याला मुंगी म्हणायचं असेल, तर ती मुंगी किमान शेळीएवढी असणार. दंड दोन दिवस टम्म होता. आज मी अडतीस वर्षांचा आहे, बसस्टँडजवळ माझं स्वतःचं मेडिकल आहे, इंजेक्शनच्या सुया मीच विकतो. तरी बेबीताई दुकानाची पायरी चढल्या की माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं त्यात सगळी चूक माझीच होती असं मला अजूनही वाटत नाही.

गाव त्यांना नर्सबाई म्हणतं. माहेर नांदुऱ्याकडचं, वडनेर भोलजी. बाविसाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन त्या आमच्या भागात नोकरीला आल्या आणि अडतीस वर्षांनी इथूनच निवृत्त झाल्या. आधी पायी, मग सायकल, मग लुना, असं करत सहा खेडी फिरल्या. नवरा दयाराम गुरुजी शाळेत होते, ते आठ वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, दर रविवारी फोन करतो. माझं जन्माचं वजनसुद्धा त्यांच्याच रजिस्टरात आहे, एक किलो नऊशे, आणि हे त्या मला गिऱ्हाइकांसमोर सांगतात. "एवढुसा होता," असं म्हणून हाताने दाखवतात. दाखवलेलं माप दरवर्षी थोडं लहान होत जातं.

त्यांची काम करायची पद्धत साऱ्या गावाला पाठ होती. आजारी माणसाला त्या कधीच 'कसं वाटते' असं विचारत नसत. आधी शेजारणीला विचारत, मग त्याला अंगणात चार पावलं चालायला लावत. "माणूस तोंडानं खोटं बोलते, पायानं नाई बोलत," असं त्यांचं म्हणणं. औषध अर्धवट सोडणाऱ्याच्या घरी सलग आठ दिवस जाऊन बसत आणि चहा घेत नसत. त्यांनी चहा घेतला नाही म्हणजे घरात काहीतरी चुकलं आहे, हे पोराटोरांनाही कळायचं.

घराच्या दारावर 'बेबीताई तायडे, आरोग्य सेविका' अशी पत्र्याची पाटी होती. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, फोटो झाले, आणि घरी येऊन बाईंनी सगळ्यात आधी स्वतःच्या हाताने ती पाटी काढली. कोणी म्हटलं, असू द्या की. तर म्हणाल्या, "आता मी नाई ना सेविका. खोटी पाटी कायले ठेवू?" खिळा मात्र राहिला, भिंतीतून उपटता येईना.

आता फुटबॉल. त्याचं खापर संघर्ष गवईच्या डोक्यावर. संघर्ष जळगाव जामोदच्या एका कॉलेजात शिकवतो. पुण्याला होस्टेलवर राहून त्याने डिग्री आणली, सोबत हा नाद आणला. फोनवरचा खेळ आहे, फुकटचा, पैशाचा संबंध नाही. इंग्लंडातल्या खऱ्या खेळाडूंमधून आपण पंधरा जण निवडायचे. ते तिकडे शनिवार-रविवारी खरोखर खेळतात आणि त्यांनी जे काही केलं त्याचे गुण इकडे आपल्याला मिळतात. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. जो मैदानात उतरलाच नाही त्याचा भोपळा. आमच्या गावात खऱ्या फुटबॉलला आजवर कोणी पाय लावलेला नाही. जो एक चेंडू ग्रामपंचायतीने आणला होता तो बाभळीच्या काट्याने फुटला. पण या खेळाला चेंडू लागत नाही, त्यामुळे आम्ही आठ जण लगेच तज्ज्ञ झालो.

परदेशी नावं जिभेवर बसेनात म्हणून आम्ही गावची नावं ठेवली. एकजण स्वतः धावत नाही, नुसता हात करून दुसऱ्यांना पळवतो, तो पाटील. एक गोलरक्षक नव्वद मिनिटं ओरडत असतो, तो कोतवाल. आणि माझा लाडका स्ट्रायकर, जो बराच वेळ काहीच करत नाही, पास मनासारखा आला नाही की तोंड फुगवतो, आणि शेवटी एक गोल करून सगळा मान घेऊन जातो, तो जावई. जावई माझा कायमचा कर्णधार.

दंडाशिवाय मजा नाही म्हणून संघर्षने एक बोर्ड करून घेतला. पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं: 'येथे फुटबॉल समजत नाही. कृपया सल्ला विचारू नये.' ज्याचे महिन्यात सगळ्यात कमी गुण, त्याच्या दारावर पुढचा महिनाभर हा बोर्ड. आणि नवीन हरलेल्याने स्वतः हातोडी घेऊन जुन्याच्या दारावरून तो काढून आणायचा. पहिल्याच महिन्यात, ऑगस्टात, बोर्ड मला लागला. मेडिकलच्या दारावर 'सल्ला विचारू नये'! लोक तापाची गोळी मागायच्या आधी हात जोडून विचारायचे, "शेखरभाऊ, गोळी जेवल्यावर घ्यायची का जेवायच्या आंधी, हे विचारलं त चालते का?" एका आजीने तर खोकल्याचं औषध घेतलं आणि डोस विचारायला समोरच्या पंक्चरवाल्याकडे गेली. तो एक महिना माझा मीच जाणे.

हा खेळ खेळणाऱ्याला नेमकं काय पाहिजे असतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दुपारी दोन ते चार मेडिकलात दुसरं काम नसतं. सहदेव एस.टी.त कंडक्टर आहे; त्याला जिंकायचं नसतं, सांगायचं असतं. जळगावहून शेगाव येईस्तोवर मिरच्यांची पोती घेऊन बसलेल्या बायांना त्याच्या संघातल्या प्रत्येकाची हकीकत कळलेली असते. संघर्षला आपण बरोबर होतो हे लेखी पाहिजे असतं. दर सोमवारी तो गुणतक्त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि खाली एक शब्द लिहीत नाही, जे शिवी देण्यापेक्षा वाईट. मला फक्त संघर्ष चुकलेला पाहिजे असतो. मी सातवा आलो तरी चालेल, पण तो माझ्यामुळे दुसरा आला पाहिजे. बेबीताईंना काय पाहिजे आहे, हेही मला पक्कं कळलं आहे असं मी समजत होतो.

त्या आमच्यात आल्या त्या बीपीच्या गोळ्यांमुळे. ऑगस्टच्या शेवटी त्या गोळ्या घ्यायला दुकानात आल्या, तेव्हा संघर्ष काउंटरवर कोपर टेकून मला सांगत होता, "अबे, मांडीची शीर ओढली त्याची. क्लबवाले म्हणतात दोन आठवडे लागतीन."

"कोणाची शीर?" बाईंनी विचारलं.

संघर्षने फोनवर तो भाग दाखवला. बाईंनी चष्मा लावून पाहिला. मग म्हणाल्या, "ते पडतानीचं नोको दाखवू. बाहेर जातानीचं दाखव. कसा चालून राह्यला ते."

दोनदा पाहून त्यांनी फोन परत दिला. "दोन नाई, सहा. अन् हे आजचं नाई. आंधीपासून दुखून राह्यलं होतं त्याचं, लपवलं त्यानं. त्याच्या मायले माहीत असन."

त्या गोळ्या घेऊन गेल्या. आम्ही हसलो. तो खेळाडू बरोबर सहा आठवड्यांनी मैदानात परतला, आणि तेव्हा छापून आलं की दुखणं जुनंच होतं. आईचं मात्र काही छापून आलं नाही.

मग काय, बाईंच्या घरी रांग लागली. संघर्ष सीताफळं घेऊन गेला. सहदेवने शेगावहून कचोरी आणली, गरम राहावी म्हणून गाडीच्या इंजिनाजवळ ठेवून. मी त्यांच्या गोळ्या घरपोच द्यायला लागलो. प्रत्येकाने हळूच सांगितलं, बाई, दुसऱ्याले सांगू नोका. बाईंनी कचोरी खाल्ली, सीताफळं खाल्ली, आणि सगळ्यांना सारखंच सांगितलं. "दुखणं त काही तुमच्या मालकीचं नाई," म्हणाल्या. त्यामुळे सगळ्यांना फायदा झाला, म्हणजे कोणालाच झाला नाही.

ऑक्टोबरात आमच्यातल्या एकाचं लग्न झालं, बायकोने त्याचा फोन बघितला आणि आम्ही सात उरलो. संघर्ष म्हणाला, बाईंनाच घेऊ. मी विरोध केला. ज्या बाईला दुखणी कळतात ती आपल्याला आठ दिवसांत झोपवेल, असा माझा हिशेब. पण बाई लगेच तयार झाल्या. माझ्याच दुकानात, औषधांच्या खोक्यावर बसून त्यांनी संघ निवडायला घेतला.

"हे नावापुढं लाल खूण कायची आहे?"

"ते आजारी आहेत, बाई," संघर्ष म्हणाला. "ते घ्यायचे नसतात."

"आजारी आहेत त घ्यायचे काऊन नाई?"

"खेळत नाई ना ते. गुण नाई भेटत."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं औषध अर्धवट सोडणाऱ्याकडे पाहत असत. "मंग धडधाकट माणसाले नर्स कायले लागते? लाल खुणवाले सगळे टाक माह्या नावावर."

संघर्षने समजावलं, सहदेवने समजावलं. मी अजिबात समजावलं नाही. मला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या. अशा रीतीने बेबीताईंनी पंधरा पेशंट भरती केले. तीन गुडघे, चार मांड्या, दोन घोटे, एक खुबा, एक बरगडी, एक पाठ, दोन ताप, आणि एक जण ज्याला क्लबने नुसतं 'व्यक्तिगत कारण' म्हटलं होतं. "याचं घरी काहीतरी आहे," बाई म्हणाल्या, आणि त्याला सगळ्यात वर लिहिलं.

लिहिलं ते खरोखर लिहिलं. लसीकरणाचं एक जुनं कोरं रजिस्टर त्यांच्याकडे उरलं होतं. त्यात पंधरा नावं, दुखणं, कधीपासून, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने तारीख: कोण कधी चालायला लागणार. इंग्रजी बातम्या त्या संघर्षकडून वाचून घेत आणि मधेच म्हणत, "हे डॉक्टर नाई बोलून राह्यला, मालक बोलून राह्यला." आठवड्याला एकच खेळाडू बदलायचा असा आमचा नियम होता. आम्ही ज्याला गोल जमेना त्याला काढायचो. बाई जो बरा झाला त्याला काढत. त्याला त्या डिस्चार्ज म्हणत. पहिला गुडघा ठणठणीत होऊन मैदानात उतरला, लगेच त्याने गोल केला, आणि बाईंनी त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं.

"बाई, आता तर तो गुण देणार!" सहदेव कळवळला.

"देईन ना, ज्याले पाहिजे त्याले. बरा झाला, आता त्याचं माह्याकडं काय काम?"

तर ऑक्टोबरचा बोर्ड बेबीताईंना. नोव्हेंबरचाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. सलग सात महिने कोणालाच हातोडी न्यावी लागली नाही. बोर्ड त्यांनी त्या जुन्या खिळ्यावर लावला होता, आणि भीमजयंतीला घर रंगवलं तेव्हा काढून, पुसून, पुन्हा सरळ लावला. मी गोळ्या द्यायला गेलो की दारात कोणी ना कोणी उभं असायचं. कधी पोर कडेवर घेतलेली बाई, कधी शेताकडे जाता जाता थांबलेला माणूस. बोर्ड वाचायचे, हसायचे. मला वाईट वाटायचं. अडतीस वर्षं ज्या बाईने गावाची दुखणी काढली, तिची गाव अशी मजा बघतं, म्हणून मी मान खाली घालून गोळ्या देऊन यायचो. एकदा म्हटलंसुद्धा, "बाई, दोन-चार बरे खेळाडू घ्या, हा बोर्ड त जाईन." बाई म्हणाल्या, "पाहू."

मे उजाडला. पारा पंचेचाळीसला टेकला, माझ्या दुकानात ओआरएसची पाकिटं पुरेनात, आणि तिकडे इंग्लंडात बाईंचे पेशंट धडाधड बरे व्हायला लागले. लाल शाईच्या तारखा सगळ्या मेमध्येच येत होत्या. एकदम सहा जण उठून खेळायला लागले आणि डिस्चार्ज आठवड्याला एकच. बाईंचा नाइलाज झाला. बरे झालेले लोक त्यांच्या नावावर पडून होते आणि गुण देत होते. त्याच महिन्यात माझ्या जावयाने रुसवा धरला. चार सामन्यांत एक गोल नाही. शेवटच्या रविवारी सकाळी मेचा गुणतक्ता पाहिला तर तळाला आम्ही दोघंच: आठव्या बेबीताई, सातवा मी, माझे फक्त पाच गुण जास्त.

आणि मेचा बोर्ड महिन्याचा नसतो. लीग संपते, नवी ऑगस्टात सुरू होते, तोवर बोर्ड हलत नाही. पूर्ण तीन महिने. सर्दी, ताप, जुलाब, सगळा सीझन त्यातच. 'कृपया सल्ला विचारू नये' या पाटीखाली उभं राहून मी तीन महिने औषधं विकतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला दुपारचं जेवण गेलं नाही.

सामने संध्याकाळी साडेआठला होते, संघ सातच्या आत कायम करायचा. साडेपाचला बेबीताई दुकानात आल्या. डोक्यावरून पदर, हातात पाण्याची बाटली, चेहरा उन्हाने लाल. बसल्यासुद्धा नाहीत.

"शेखर, तुह्या जावयाले काढ."

"काऊन?"

"त्याचा उजवा पाय बरा नाई. संघर्षनं सकाळी दाखवलं, गाडीतून उतरतानीचं. पायरीवर डावाच पाय टाकते दरवेळी. पोटरी आहे. खेळवतीन त्याले, पण दहा-पंधरा मिनिटांच्या वर नाई टिकत तो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डावा हात पाठीमागे गेलेलाच होता. डोक्यात चक्रं फिरू लागली. बाई पाच गुणांनी मागे. त्यांचे सहा पेशंट आज खेळणार. सात महिने दारावर बोर्ड. एवढ्या उन्हात, एवढ्या घाईने, ही बाई खास माझं भलं करायला आली? मी जावयाला काढलं, जावयाने नेमके आज दोन गोल केले, तर बोर्ड कोणाच्या दारातून निघेल आणि कोणाच्या दारावर चढेल?

"बाई," मी म्हणालो, "क्लबवाले त म्हणतात तो फिट आहे."

"क्लबवाले म्हणतीनच."

"तुमाले बरं वाटीन, मी त्याले काढलं त."

"हाव, वाटीन ना," बाई म्हणाल्या. अगदी सरळ म्हणाल्या. मला वाटलं, पकडली!

"मले फसवू नोका बाई. एकडाव फसवलं तेवढं पुरे झालं."

"मी? कधी?"

"पहिलीत! मुंगी चावल्यासारखं लागते म्हणे!"

बाई खळखळून हसल्या. "अरे, ते त म्या हजारो पोट्ट्याईले सांगतलं. खरं सांगतलं असतं त तू पळाला असता. अजून पळतच असता." मग हसू आवरून त्यांनी काउंटरवर बोट आपटलं. "दुखण्याचं म्या कधी खोटं नाई सांगतलं. त्याले काढ." आणि गेल्या.

सातला पाच कमी असताना मी संघ कायम केला. जावई कर्णधार. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी, संघर्ष आणि सहदेव फोन रिकाम्या खोक्याला टेकवून बसलो. जावई मैदानात उतरला. मी ऐटीत दोघांना सांगितलं की म्हातारीचा डाव मी ओळखला. बाराव्या मिनिटाला जावयाने चेंडूमागे धाव घेतली, तीन पावलांवर थांबला, आणि उजव्या पोटरीला हात लावून खाली बसला.

सहदेवने माझ्या पाठीवर हात ठेवला, जसा मयतीला ठेवतात.

जावयाचा एक गुण, दुप्पट होऊन दोन. मी ज्याला उपकर्णधार ठेवला होता त्या पाटलाने तेवढ्यात दोन गोल केले, पण कर्णधार बारा मिनिटं का होईना उतरला होता, म्हणून पाटलाचे गुण दुप्पट होईनात. आणि बाईंचे पेशंट! खुब्याने गोल केला, बरगडीने गोल करवला, 'व्यक्तिगत कारण'वाल्याने तर असा काही गोल केला की संघर्ष उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मी चार गुणांनी हरलो. पाटलाला कर्णधार केलं असतं तर आठ गुणांनी वाचलो असतो. हा हिशेब मला संघर्षने करून दिला, न विचारता.

सोमवारी सकाळी हातोडी घेऊन निघालो. गिरणीमागे बाईंचं घर. दारात एक तरुण बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती आणि बेबीताई त्याचा डोळा ओढून बघत होत्या. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. त्या बाईला सांगितलं, "बोरचं खारं पाणी नोको देऊ त्याले, कॅनचं दे. अन् दोन दिवसांनी दाखवून जाय." मग आतून फडकं आणून बोर्ड पुसायला लागल्या. बोर्ड आधीच स्वच्छ होता.

"सांगतलं होतं तुले," म्हणाल्या.

"मले वाटलं, तुमी मले फसवून राह्यल्या."

"कायच्यासाठी?"

"बोर्ड जाव म्हणून. सात महिने झाले ना. लोक येऊन हासतात."

फडकं थांबलं. "बोर्ड जाव म्हणून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "अरे बाबू, माही पाटी म्या काढली ना, त्यानंतर दीड वर्स या दारी कोणी थांबलं नाई. रस्त्यानं जात, बाई बरं आहे का म्हणत, अन् पुढं जात. मले वाटे, एवढी लोकं आपल्या हातून गेली, अन् आता कोणाले आपलं काहीच काम नाई. जेवण जात नव्हतं मले. मंग तुमचा हा बोर्ड लागला. लोक थांबले. वाचलं, हासले. हासलं की माणूस बसते. बसलं की पाणी मांगते. अन् पाणी पेलं की मंग सांगते, बाई, लेकराचा डोळा पिवळा दिसून राह्यला, पाहता का."

सात महिने मी मान खाली घालून त्या दारातून येत होतो. एकदा मान वर करून पाहिलं असतं तर दिसलं असतं.

"म्हणजे काल तुमी मले सांगाले आल्या..."

"हाव. तू जावयाले काढलं असतं त तू वाचला असता, अन् हा माह्यापाशी राह्यला असता. म्या तुले खरं सांगतलं अन् माह्या फायद्याचंही सांगतलं. पण तू त इंजेक्शन धरून बसला."

"मंग ठेवा ना बाई हा. मी सांगतो संघर्षले."

"नाई. हरला तो नेते. अन् म्या हरली नाई." हे म्हणताना मात्र त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "खुब्यावाल्यानं गोल पाह्यला का कसा मारला? सात महिने निजून होता तो."

त्यांनी स्वतः बोर्ड खिळ्यावरून उचलला आणि माझ्या हातात दिला. मी आणलेल्या हातोडीचं काहीच काम पडलं नाही. गल्लीच्या टोकाला वळताना मागे पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता आणि बाई त्याच्याकडे न बघता लेकराच्या आईशी बोलत होत्या. मला स्वतःची इतकी चीड आली की दुकानापर्यंतच्या रस्त्यात तिघांनी बोर्ड वाचून टोमणे मारले, तरी एकालाही उलटा जबाब दिला नाही.

बोर्ड मी दुकानाच्या दारावर लावला, अगदी नजरेसमोर. मग बसस्टँडवरच्या पेंटरला बोलावलं आणि त्याच काळ्या रंगात खाली आणखी एक ओळ लिहून घेतली. पेंटरने दोनदा विचारलं, "पक्कं ना शेखरभाऊ? धंद्याची जागा आहे." मी म्हटलं, लिही.

संघर्षने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, सवयीप्रमाणे खाली काही न लिहिता. मंगळवारी दुपारपर्यंत पाच जण माझ्याकडून गोळ्या घेऊन, ती ओळ वाचून, गिरणीकडे वळले. एकाला तर काहीच झालेलं नव्हतं. संध्याकाळी सहदेव सांगत आला की जळगावच्या गाडीत दोन बाया विचारत होत्या, नर्सबाईचं घर स्टँडवरून किती लांब आहे म्हणून.

बुधवारी बेबीताई गोळ्या घ्यायला आल्या. पायरीवर थांबल्या, चष्मा लावला आणि बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. 'येथे फुटबॉल समजत नाही. कृपया सल्ला विचारू नये.' आणि त्याखाली: 'विचारायचाच असेल तर बेबीताई तायडे, पिठाच्या गिरणीमागे.'

मग आत आल्या, चष्म्याची काच पदराने पुसली, गोळ्यांची पट्टी घेतली. रस्त्यावरून दोघं जण बोर्ड वाचून हसत गेले, मोठ्याने, माझं नाव घेऊन. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"दुखलं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाई वो बाई," मी म्हणालो. "मुंगी चावल्यासारखं."